जगधने मास्तरांचं मिनिट

मागच्या महिन्यात पोस्टाने एक स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, वर जगधने मास्तरांचा फोटो, फोटोला हार आणि हाराच्या खाली सिमेंटच्या दुकानाची जाहिरात. मास्तरांच्या जुन्या शिष्यांनी नगरला त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम केला, त्यातली ही. शिष्य म्हणजे ज्यांना मास्तरांनी एकेकाळी ‘तबला सोड, घरी कणीक तिंब, निदान पोळ्या तरी मऊ होतील’ असं तोंडावर सांगितलं होतं, ते सगळे. आता ते त्यांना ‘गुरुवर्य’ म्हणतात. मेलेल्या गुरूची एक सोय असते, तो हाताची चूक काढत नाही.

त्यातल्या एकाने लिहिलंय, “गुरुवर्य लयीचे मोठे जाणकार, पण त्यांची स्वतःची लय मात्र कधीच पक्की नव्हती. कारखान्यावरच्या भजनस्पर्धेत हे भर सभेत सिद्ध झालं होतं, आणि त्यांनी ते मोठ्या मनाने कबूलही केलं होतं.”

सिद्ध झालं होतं, खरं आहे. कबूल केलं होतं, तेही खरं आहे. पण ते कसं सिद्ध झालं हे ठाऊक असलेली माणसं दोनच. त्यातला आबा कदम दहा वर्षांपूर्वी गेला. दुसरा मी. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे न दिसल्याची सबबही आता चालत नाही. म्हणून लिहितो.

कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी टाइमकीपर होतो. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. कारखान्याचं नाव सांगत नाही, तिथे माझं पेन्शनचं पुस्तक नाही पण नातेवाईक बरेच आहेत. टाइमकीपर म्हणजे हजेरी घेणारा आणि भोंगा वेळेवर वाजवून घेणारा. सकाळी रेडिओवर बातम्यांआधी टिकटिक यायची, तिच्यावर मी मनगटावरचं घड्याळ लावायचो. घड्याळावर भोंगा वाजायचा आणि भोंग्यावर आसपासची गावं उठायची. सेकंदकाटा असलेलं भारी घड्याळ, सासऱ्यांनी साखरपुड्यात दिलेलं. एखाद्या दिवशी उजाडायला उशीर झाला तर लोक सूर्याला नावं ठेवत, माझ्या घड्याळाला नाही.

जगधने मास्तर कॉलनीतल्या शाळेत संगीत आणि कवायत शिकवायचे. उंच, वाळके, गळ्याची घाटी एवढी मोठी की बोलताना ती वर-खाली होऊन ताल धरतेय असं वाटायचं. बारा महिने काखेत एक काळी छत्री. तिच्या दोन काड्या मोडलेल्या होत्या, आणि ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती पावसासाठी नव्हतीच. तिच्या टोकाने ते जमिनीवर मात्रा मोजायचे.

छत्रीचीही एक कथा होती, आणि मास्तर ती कुणालाही ऐकवायचे. नगरच्या कँपात त्यांचे वडील लष्करी बँडच्या खोलीची झाडलोट करायचे. गोऱ्या साहेबाच्या टेबलावर एक लाकडी यंत्र होतं, उभ्या मनोऱ्यासारखं. त्याच्या पोटातून एक दांडी वर यायची आणि डावी-उजवीकडे डुलत टक-टक करायची. दांडीवर सरकतं वजन. मागे आकडे. वजन वर सरकवलं की दांडी सुस्त, खाली ओढलं की चपळ. “माणसाचं बघ कसं उलटं आहे,” मास्तर म्हणायचे, “वर सरकवला की भराभर बोलायला लागतो.” वडील झाडायचे तोवर हे त्या यंत्रासमोर बसून असायचे. साहेब गमतीने आकडा विचारायचा, हे डोळे मिटून सांगायचे. कधी चुकले नाहीत म्हणे. पुढे साहेब विलायतेला निघाला, तेव्हा यांनी धीर करून ते यंत्र मागितलं. साहेबाने पाठ थोपटली, खूप कौतुक केलं आणि मोडकी छत्री दिली.

“यंत्र दिलं नाही मेल्यानं,” मास्तर छाती ठोकून सांगायचे, “पण साठ मी घेऊन आलो. साठ इथं आहे.”

ही ‘साठ’ म्हणजे मास्तरांची सगळी इस्टेट. त्यांच्यापुढे हळू, जलद असे शब्द काढायची सोय नव्हती.

“जलद म्हणजे किती जलद? ताप आला म्हणून दवाखान्यात गेलास तर डॉक्टर काय म्हणतो, जरासा ऊन लागतोयस? थर्मामीटर लावतो ना? मग लयीला का नाही? एका मिनिटात मात्रा किती, तेवढं सांग. साठ म्हणजे सेकंदाला एक. एकशेवीस म्हणजे सेकंदाला दोन, पलटण त्या चालीनं चालते. तीस म्हणजे दोन सेकंदांना एक, त्या चालीनं आपले हेडमास्तर विचार करतात.”

“पण मास्तर, विलंबित, मध्य, द्रुत असं असतंच की,” मी एकदा म्हणालो.

“कुणाचं विलंबित? एका गवयाच्या विलंबितात दुसऱ्याचं जेवण होऊन पान खाऊन होतं. आकडा सांग, दिघे, आकडा! साठ पोटात पक्की असली की तिची दुप्पट कर, निमपट कर, दीडपट कर. सगळ्या लयी तिच्यातून निघतात. आणि साठच कच्ची असली, तर तू नुसता बडवतोस. परीट तुझ्यापेक्षा बरा, कपडे तरी स्वच्छ होतात.”

या आकड्यांपायी त्यांनी माणसं जोडली नाहीत, मोजली. उसाच्या भरल्या गाडीची घुंगरं बेचाळीस, रिकामी परतताना सत्तर. “बैलालासुद्धा घर दिसलं की लय सांभाळत नाही.” चहावाल्या गंगारामचा स्टोला पंप मारायचा वेग शहाण्णव, उधारीचं गिऱ्हाईक दिसलं की पन्नास. चेअरमन दादांचं भाषण चाळीस, “आणि सम येईल म्हणून वाट बघू नका, ती दादांनी पाहिलेली नाही.” हे ते शाळेच्या पायरीवर बसून मोठ्याने सांगायचे. दादांपर्यंत ते पोचत असणारच. पोचवण्याच्या बाबतीत आमच्या कॉलनीची लय द्रुत होती.

मी त्यांच्याकडे तबला शिकायला गेलो तेव्हा सहा महिने तबल्याला हात लावू दिला नाही. चालायला लावलं. चोवीस वर्षांचा नोकरदार, लग्न ठरलेला माणूस, मी रोज संध्याकाळी कालव्याच्या कडेने ‘धा धिं धिं धा’ म्हणत चालायचो आणि मागून सायकलवर मास्तर ओरडायचे, “दिघे, मागं पडलास! उचल! आता पळू नको!” माझा दोष एकच होता, मी मागे पडायचो. मला प्रत्येक पाऊल बरोबर टाकायचं असायचं, त्या विचारात ते उशिरा पडायचं. “तू नोकरीला बरा आहेस,” मास्तर म्हणायचे, “दुसऱ्यांचा उशीर लिहीत बस.” गावात मात्र लोक वेगळंच बोलायचे. टाइमकीपरला बाहेरचं झालंय, तिन्हीसांजेला कालव्यावर बडबडत फिरतो. मुलीकडचे एक काका चौकशीलाही येऊन गेले.

तरी लग्न झालं. मास्तर आले होते, हेच चुकलं. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिली दोन भटजींनी निगुतीने म्हटली. मग मुहूर्त जवळ आला असावा किंवा पुढच्या गावचं लग्न. तिसऱ्यापासून त्यांनी जो वेग धरला तो शेवटच्याला असा झाला की शब्द एकमेकांच्या पाठीवर बसायला लागले. आंतरपाटाआड मी उभा, आणि मांडवाच्या मागून आवाज आला, “भटजी, पळू नका! साठवर सुरू केलंत, आता एकशेदहा झाले!”

भटजी थबकले. वाजंत्र्यांना वाटलं संपलं, त्यांनी सनई लावली. अक्षता पडल्या. सासरे लालबुंद. शेवटचं अष्टक वाजंत्र्यांच्या आवाजात तसंच राहिलं, आणि माझी बायको जन्मभर प्रत्येक भांडणात सांगत आली की आपलं लग्न पुरतं लागलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना म्हणालो, “एवढं काय बिघडलं होतं?”

“बिघडलं कसं नाही? अरे, लय चढते ती हौसेनं चढत नाही, भीतीनं चढते. घाबरलेला माणूस जलद होतो. खोटं बोलणारा त्याहून जलद होतो, त्याला वाक्य संपवायची घाई असते. हे लक्षात ठेव, पुढं उपयोगी पडेल.”

उपयोगी पडलं.

गळिताचा हंगाम सुरू व्हायचा त्या दिवशी बॉयलर पेटवण्याचा समारंभ आणि दुपारी रिकाम्या साखर गोडाऊनमध्ये भजनस्पर्धा, असा कारखान्याचा रिवाज. पंचक्रोशीतली भजनी मंडळं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून यायची. परीक्षक दोघे, जगधने मास्तर आणि कारखान्याचे गुरांचे डॉक्टर. डॉक्टरांना संगीतातलं कळत नव्हतं, पण ते कबूल करायचे, त्यामुळे ते निःपक्षपाती समजले जात.

आता भजन म्हणजे शेवटी वाढतंच. संथ सुरू होतं, रंग चढतो, शेवटी गजर. हे सगळ्या महाराष्ट्राला मान्य आहे, एकट्या मास्तरांना नव्हतं. ते छत्री टेकून बसायचे आणि प्रत्येक मंडळाच्या नावापुढे दोन आकडे लिहायचे, सुरुवातीचा आणि शेवटचा. एका वर्षी त्यांनी आबा कदमच्या मंडळापुढे लिहिलं, ‘सुरुवात बाहत्तर, शेवट एकशेपन्नास. मध्ये गाडीवर कुणी नव्हतं.’ लयीचे गुण शून्य. वर ते वाचून दाखवलं.

आबा कदम हा दादांचा मेव्हणा आणि ऊस विभागात मुकादम. पखवाज तोच वाजवायचा. तो उठून म्हणाला, “मास्तर, देवापुढं मानूस पळनारच की! देव काय यष्टी हाय, टायमाला धरायला?”

“पळा ना,” मास्तर म्हणाले. “पण सांगून पळा. दुप्पट करायची तर नीट दुप्पट करा, माणसाला कळतं की तुम्ही पळताय. हे काय, उतारावर सुटलेली बैलगाडी! तुम्ही देवाकडं पळत नाही आबा, तुम्ही पखवाजापासून पळताय.”

गोडाऊनभर हशा झाला. आबाही हसला. असा माणूस हसला की वर्षभर सांभाळून राहावं.

दुसरं वर्ष दुष्काळाचं. कालव्याला पाण्याची पाळी मिळेना, ऊस उभा वाळला, कोरडवाहू गावांतली माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. कारखाना किती दिवस चालेल ते कुणी सांगेना. भजनस्पर्धा मात्र झाली. दादा म्हणाले, अशा वेळी लोकांचं मनोधैर्य टिकलं पाहिजे. बक्षिसाची ढाल मागच्या वर्षीपेक्षा मोठी केली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आबा टाइम ऑफिसात आला. मी तेव्हा सीझनल होतो. म्हणजे हंगाम संपला की घरी. बायकोला सातवा महिना होता. कायम करायच्या लोकांची यादी दादांपुढे होती आणि दुष्काळामुळे ती निम्मी होणार होती.

आबा स्टुलावर बसला, माझं घड्याळ निरखलं. “लई झ्याक हाय. सेकंदाला चुकत न्हाई म्हन्त्यात.”

“नाही चुकत.”

“दिघे, आज आमी मास्तरला इचारनार हाय. तुमच्या पोटातली साठ खरी कशावरनं? होऊन जाऊंद्या म्हनावं सगळ्यांम्होरं. घड्याळ तुमच्याच हातात ऱ्हानार. दुसऱ्या कुनाच्या घड्याळावर मास्तरचा इस्वास न्हाई.” तो उठला, दारात थांबला. “यादी आज सांजच्याला टाइप व्हनार हाय. तुमचं नाव दादांनी पेन्शिलीनं लिवलंय. पेन्शिलीचं काय, खोडाय येतंय आन् गिरवायबी येतंय.”

बस, एवढंच बोलला. आयुष्यात पुढे मी बरीच लाच घेताना-देताना पाहिली, पण इतक्या कमी शब्दांत नाही.

दुपारी आबाने भर सभेत विचारलं. दादा खुर्चीत हलले, म्हणाले, “होऊन जाऊ द्या मास्तर. लोकांनाही ज्ञान मिळेल.” दादांच्या हातात सोन्याचं घड्याळ होतं, पण त्याला सेकंदकाटा नव्हता. दादांना तेवढ्या बारीक वेळेची गरज पडत नसे.

मास्तर खुशीत आले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते कुणीतरी विचारलं होतं. त्यांनी एका मंडळाचा डग्गा बाजूला सारला, तबला पुढे ओढला. “दिघे, घड्याळ घेऊन माझ्या पाठीमागं उभा राहा. सुरू म्हण, थांबा म्हण. मध्ये खोकूसुद्धा नको. साठ ठोके पडले नाहीत तर ही छत्री आबांना दिली आणि पुन्हा कुणाच्या लयीला मी नाव ठेवणार नाही.”

मी ‘सुरू’ म्हणालो.

रिकाम्या गोडाऊनमध्ये ठोका घुमतो. पहिले दहा-वीस ठोके लोक नुसते ऐकत होते, मग पोरं मोजायला लागली, मग ट्रॉलीतली माणसं, पन्नासपासून अख्खं गोडाऊन. माझी नजर काट्यावर. काटा आणि ठोका असे एकजीव चालले होते, जणू ठोकाच काट्याला पुढे ढकलतोय. हलका नाही, जड नाही, पहिला जसा तसाच पन्नासावा. तशी स्वच्छ लय मी पुन्हा कुठे ऐकली नाही. एकावन्न. बावन्न. समोर आबा उभा होता, माझ्याकडे पाहत नव्हता. त्रेपन्न.

लोक ‘चोपन्न’ म्हणाले आणि मी म्हणालो, “थांबा!”

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. हे खोटं आहे. सकाळपासून ठरवलं होतं. किती सेकंद तेवढं ठरत नव्हतं.

मी मागे पडणारा माणूस, आयुष्यात पहिल्यांदाच जलद झालो. ज्याने मला शिकवलं होतं की खोटं बोलणारा जलद होतो, त्याला ते कळायला हवं होतं. पण त्याची पाठ माझ्याकडे होती.

मास्तरांचा हात वर तसाच राहिला होता. पंचावन्नावा ठोका त्या हातात होता. ते वळले.

“चोपन्न?”

“चोपन्न,” गुरांचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी प्रामाणिकपणे मोजले होते.

“तू पाहिलंस?” मास्तरांनी मला विचारलं.

“हो, मास्तर.”

ते क्षणभर माझ्या घड्याळाकडे पाहत राहिले. माझ्याकडे नाही, घड्याळाकडे. ज्याच्यावर भोंगा वाजतो ते घड्याळ.

“मग बरोबर असेल,” ते म्हणाले.

आबा मोठ्याने म्हणाला, “मास्तर, तुमचंच मिनिट डुलक्या खातंय की वो! आमची बैलगाडी उतारावर तरी हुती, तुमची चढावर बसली!”

केवढे हसले लोक. त्या वर्षी लोकांना हसायला फारसं काही नव्हतं, ते पोट धरून हसले. दादाही हसले, चाळीसच्या लयीत. मास्तरांनी खिशातून गुणांचा कागद काढला, लयीच्या रकान्यावर उभी रेघ मारली, म्हणाले, “ज्याचं माप खोटं त्यानं दुसऱ्याचं तोलू नये,” आणि छत्री आबाच्या हातात दिली. ढाल आबाच्या मंडळाला मिळाली. शेवटच्या गजराला ते असे पळाले की टाळवाल्यांपैकी एकजण चक्कर येऊन बसला.

छत्री आबाने दुसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणावर अडकवून दिली. माझी ऑर्डर महिन्याभरात आली.

ऑर्डर मिळाल्याच्या आठवड्यात मास्तर टाइम ऑफिसात आले. वाळके होतेच, आता दाढीही वाढली होती. मधल्या काळात लोकांनी त्यांना कालव्यावर एकट्याला चालताना पाहिलं होतं, अर्धवट पळत, छत्री आपटत. मला पूर्वी म्हणायचे तेच आता त्यांना म्हणत होते.

“लाव घड्याळ,” ते म्हणाले. “महिनाभर घासतोय. हिशोब सोपा आहे. चोपन्नाचे साठ करायचे, म्हणजे नवाच्या जागेत दहा बसवायचे. मरेपर्यंत चुकीचं चाललो असतो बघ. बरं झालं आबानं विचारलं.”

हजेरीच्या पेटीवर बोटांनी त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मी काट्याकडे पाहत होतो. साठावा ठोका पडला तेव्हा काटा चोपन्नावर होता.

दार उघडं होतं. आबा नव्हता, दादा नव्हते. ऑर्डर माझ्या खिशात होती, शाईने लिहिलेली. खरं बोलायला इतकं सोपं पुन्हा कधीच असणार नव्हतं.

“झालं मिनिट,” मी म्हणालो. “बरोबर साठ, मास्तर.”

त्यांनी डोळे पुसले. मला वाटतं घाम असावा.

पहिलं खोटं मी भीतीपोटी बोललो. दुसरं कशापोटी बोललो हे मला आजही सांगता येत नाही. पहिल्याला सोबत म्हणून, असेल. पण मास्तर मेले ते दुसऱ्याने. पहिल्यानंतर त्यांना शंका होती, दुसऱ्यानंतर खात्री झाली. साहेबाच्या टेबलावरून आणलेली साठ त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून टाकली आणि तिच्या जागी माझी बसवली.

पुढचं सगळ्यांनी पाहिलंय, फक्त कारण माहीत नव्हतं. सव्वीस जानेवारीला शाळेची पोरं संचलनाला इतक्या लगबगीने आली की दादा जीपमधून उतरायच्या आत त्यांची सलामी होऊन गेली. ज्या कीर्तनकारांची साथ मास्तर करत, ते म्हणायला लागले, मास्तर हल्ली मागे लागल्यासारखे वाजवतात. हळूहळू बोलावणी बंद झाली. एके काळी सगळ्या गावाचे आकडे सांगणारा माणूस, आता कुणाचा आकडा सांगत नव्हता. गंगारामने मुद्दाम विचारलं, “मास्तर, माझा पंप किती?” तर म्हणाले, “मार बाबा तुला हवा तेवढा.” दोन वर्षांनी ते नगरला गेले, तिथे शिकवण्या धरल्या. स्मरणिकेतला तो लेखक तिथला शिष्य. मास्तरांनी त्याला जी साठ दिली, ती माझी आहे. तो पुढे शेकडो मुलांना शिकवतोय, आणि लिहितो की गुरुवर्यांची लय पक्की नव्हती.

मी रिटायर झालो त्या वर्षी एक दिवस सकाळी एसटीने नगरला गेलो. काय बोलायचं ते कोपरगाव ते नगर घोकत होतो. दिल्ली दरवाज्याच्या आत, मुलीच्या घरी मास्तर राहत होते. खिडकीपाशी खाट, खाटेच्या कठड्याला छत्री. नजर अधू झाली होती, पण आवाजावरून ओळखलं.

“दिघे? घड्याळ तेच?”

“तेच आहे, मास्तर.”

“सेकंदकाटा फिरतो?”

“फिरतो.”

“मास्तर, मला तुम्हाला एक सांगायचं होतं,” मी म्हणालो. घोकलेलं पहिलं वाक्य तेवढंच होतं, आणि ते मी सावकाश म्हटलं, जलद होऊ नये म्हणून.

“सांगशील रे. आधी घड्याळ बघ. या पोरांच्या भिंतीवरच्या घड्याळांचा मला भरवसा नाही, सेलवर चालतात मेली. तुझ्याएवढं खरं घड्याळ पुन्हा भेटलं नाही मला. म्हण, सुरू म्हण.”

त्यांनी छत्री काढली आणि तिच्या मुठीने खाटेच्या कडेवर ठोके द्यायला लागले. हात थरथरत होता, पण लय थरथरत नव्हती. एकसारखी, स्वच्छ, पहिला ठोका तसाच पन्नासावा. तशीच स्वच्छ, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकीची. त्यांच्या चेहऱ्यावर गोडाऊनमधली ती खुशी परत आली होती. साठावा ठोका देऊन त्यांनी छत्री खाली ठेवली.

“झालं ना मिनिट?”

काटा चोपन्नावर होता. सहा सेकंद उरले होते. सांगायला तेवढे पुरले असते. तीन शब्दांचं काम होतं, आणि समोर आता कुणी आबा नव्हता. मी काट्याकडे पाहत राहिलो. पंचावन्न. छप्पन्न. खिडकीखाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. अठ्ठावन्न. काटा बारावर येऊन पोचला.

“झालं, मास्तर,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, हसले.

“एवढा वेळ लागतो होय रे बोलायला? पहिल्यापासून मागंच पडतोस तू.”